गंगा कोणाची?

(पंचवटी येथें म. जोतीराव फुले यांच्या जयंतीच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी खेड्यांतला शाळामास्तर आहें. व्याख्यानें देणें हा माझा धंदा नव्हे. पोरांना पाढे आणि भूगोल शिकविणें हा माझा धंदा. तेव्हां बोलतांना कोठें चुकलों तर आपण सांभाळून घ्यावें. अध्यक्षांनीं मला 'सृष्टींतील फेरबदल आणि सामाजिक न्याय' असा विषय दिला आहे. विषयाचें नांव भारदस्त आहे. पण त्याची साधी मराठी केली तर ती एवढीच होते कीं, नदी, झाड, डोंगर, माती हीं बिघडलीं म्हणजे त्याचा भुर्दंड कोण भरतो, आणि तीं बिघडविल्याचा नफा कोणाच्या पदरांत पडतो? हा प्रश्न पंचवटींत विचारावयाचा तर लांब जावयास नको. गंगेकडे तोंड करून उभें राहिलें म्हणजे झालें. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतों, म्हणून मीही तसेंच म्हणेन.

आधीं माझाच एक अपराध कबूल करतों, म्हणजे पुढें दुसऱ्यांचे काढावयास मोकळा होईन. माझी शाळा नाशिकच्या खालच्या अंगाला, गंगेकांठच्या एका गांवांत आहे. कांहीं वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गांत मी नदीवर बोलत होतों. ठराविक तेंच बोललों: नदी आपली माता, तिचें पाणी पवित्र, तिच्या दर्शनानें पाप जातें. तेवढ्यांत मागच्या रांगेंतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, गंगेचं पाणी आमची म्हसबी पीत नाही." वर्ग हंसला. मला राग आला. मी तिला दरडावून खालीं बसविलें आणि धडा पुढें चालू केला.

शाळा सुटल्यावर पुलावरून घरीं जातांना मी थांबून खालीं पाहिलें. पाणी दिसतच नव्हतें. कांठापासून कांठापर्यंत पाणवेलींची हिरवी चादर पसरली होती, आणि तिच्याखालून गटाराचा वास येत होता. मुलीनें खरें सांगितलें होतें, आणि पगार घेणाऱ्या मास्तरानें खोटें. ज्या जोतीरावांनीं साऱ्या आयुष्यभर पोथींतलें आणि डोळ्यांना दिसणारें यांचा ताळा करावयास शिकविलें, त्यांचें नांव घेणारा मी, पोथीच्या बाजूनें उभा राहिलों! त्या दिवसापासून मी गंगेचा भूगोल नव्यानें शिकूं लागलों. आज जें सांगणार आहें तें त्या शिक्षणांतलें आहे.

बंधूंनो, येथून हांकेच्या अंतरावर काळारामाचें देऊळ आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनीं तें बांधिलें. त्याचा काळा पाषाण रामशेजच्या डोंगरांतून आणिला असें सांगतात. डोंगर फोडणारे, दगड वाहणारे, घडविणारे हात कोणाचे होते हें पोथींत लिहिलेलें नाहीं. तरी तें आपणांस ठाऊक आहे. ज्यांच्या घामावर देऊळ उभें राहिलें त्यांच्या नातवंडांस त्याच दाराशीं उभें करण्यांत आलें. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों लोकांची मिरवणूक देवळाशीं आली. दारें बंद होतीं. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथेंच तिची सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यांतल्या आंबे गांवचे भाऊराव गायकवाड, अमृतराव रणखांबे अशा कार्यकर्त्यांनीं तो वर्षानुवर्षें चालविला. ९ एप्रिल १९३० रोजीं रथाच्या वेळीं दगडांचा वर्षाव झाला. सत्याग्रहांत भाग घेणाऱ्यांवर खेड्यापाड्यांतून बहिष्कार पडला. वाटा बंद झाल्या, वाणसामान मिळेनासें झालें. शेवटीं १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांत येवल्यास बाबासाहेबांनीं आपली धर्मांतराची प्रतिज्ञा जाहीर केली.

हा इतिहास मी कां उगाळतों? कारण देवळाच्या दाराचा आणि पाण्याच्या कांठाचा झगडा मुळांत एकच आहे. जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत सीताराम केशव बोले यांचा ठराव पास होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे ठरले. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावें लागलें. तळें देवानें केलें, पाऊस कोणाची जात पाहून पडत नाहीं; जात पाहिली ती तळ्याच्या कांठावर बसलेल्या माणसानें. त्या वेळीं पाण्यावर सोंवळ्याचें कुलूप होतें. आज तें कुलूप उघडलें असें आपण समजतों. मी म्हणतों, किल्ली दुसऱ्या हातांत गेली आहे. पुढील हकीकत ऐका, आणि मग माझें म्हणणें खरें कीं खोटें तें ठरवा.

गंगेच्या मुळापासून सुरुवात करूं. ती उगवते त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर. त्या बाजूस, इगतपुरी-त्र्यंबकाकडे, वर्षाला दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तोच येवला, सिन्नर, नांदगांवकडे पांचशेंच्या आसपास पडतो. मग पाण्याचा दुष्काळ कोठें असावा? येवल्यास असावा, त्र्यंबकास नसावा, असें कोणीही म्हणेल. पण फाल्गुन सरला कीं त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर महादेव कोळी, कोकणा, वारली बायांच्या डोक्यावर हंडे चढतात. कोस-कोस चालावें लागतें. विहिरीच्या तळाशीं वाटीवाटीनें पाणी भरावयास बाया कठड्यावरून आंत उतरतात, पाय घसरला तर परत वर येण्याची खात्री नाहीं. अलीकडच्या अनेक उन्हाळ्यांत हीं चित्रें साऱ्या देशानें पाहिलीं.

असें कां होतें? कांहीं जण म्हणतील, देवाची करणी. देवास यांत ओढूं नका. तो डोंगर काळ्या पाषाणाचा, उतार मोठा, वरची माती पातळ. जोंवर डोंगरावर झाड आणि गवत होतें तोंवर पाणी मुळांशीं थांबून हळूहळू झिरपत होतें. जंगल गेलें, माती वाहून गेली, आतां पाऊस पडतो आणि चार प्रहरांत खालीं पळतो. खालीं तो अडविला जातो, हें खरें; पण कोणासाठीं? गंगापूरचें धरण नाशिक शहराची तहान भागवितें. वैतरणेचें पाणी मुंबईस जातें. दारणेचें पाणी कालव्यांनीं खालच्या बागायतीस जातें. ज्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या, त्यांपैकीं काश्यपीच्या धरणग्रस्तांस आपल्या हक्कासाठीं वर्षानुवर्षें आंदोलन करावें लागलें. पाणी आदिवासीच्या माथ्यावर पडतें, त्याच्या दारावरून जातें, त्याची जमीन घेतें, आणि त्याच्या हंड्यांत मात्र येत नाहीं. त्यांतच २०२१ सालीं खुद्द ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं सुरुंगांनीं डोंगर फोडल्याची ओरड झाली. ज्या डोंगरास प्रदक्षिणा घालावयाची, त्याच डोंगराची खडी करून विकावयाची, असा हा आमचा धर्म!

आणि जंगल गेलें तें कोणामुळें? साहेबाच्या अमदानींत १८७८ सालीं जंगलचा कायदा झाला. रानांत राहणारा माणूस एका रात्रींत आपल्याच रानांत चोर ठरला. जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जंगलखात्यानें डोंगर, दऱ्या, गायरानें घशांत घातल्याबद्दल सरकारचे कान उपटले आहेत. शेतकऱ्याची शेळी चरावयास जागा उरली नाहीं हें त्यांनीं शंभर-सव्वाशें वर्षांहून अधिक आधीं पाहिलें. तो अन्याय दूर करावयाचा म्हणून २००६ सालीं वनहक्काचा कायदा झाला. तरी २०१८ च्या मार्चांत, ६ तारखेस, याच नाशिकहून हजारों शेतकरी आणि आदिवासी पायीं निघाले, आणि १२ तारखेस, सुमारें १८० किलोमीटर चालून, मुंबईस पोहोंचले. पायांना फोड आलेले होते. त्यांची एक मुख्य मागणी हीच होती कीं, बारा वर्षांपूर्वीं कायद्यानें दिलेली कसत्या जमिनीची सनद आतां तरी हातांत द्या.

आतां गंगेबरोबर खालीं, आपल्या पंचवटींत येऊं. येथें रामकुंड, लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड अशीं कितीतरी कुंडें एकामागून एक आहेत. म्हातारीं माणसें सांगतात कीं, यांच्या तळाशीं जिवंत झरे होते. उन्हाळ्यांतही पाणी हलत असे. २००३ च्या सिंहस्थाच्या वेळीं कुंडांच्या तळास सिमेंट काँक्रीट घातलें गेलें. यात्रेकरूंचे पाय चिखलांत जाऊं नयेत हा हेतु सांगण्यांत आला. झऱ्याचें तोंड दाबलें म्हणजे काय होतें हें खेड्यांतल्या पोरालाही कळतें. नंतर लोकांनीं ओरड केल्यावर कांहीं कुंडांतलें काँक्रीट काढण्याचें काम हातीं घेतलें गेलें. म्हणजे घालावयास पैसा लोकांचा, काढावयासही पैसा लोकांचा. कंत्राटदाराचें मात्र दोन्ही वेळां भलें! पूर्वीं आपण शेटजी आणि भटजी अशी जोडी म्हणत होतों. आतां त्यांत कंत्राटदार हा तिसरा देव आला आहे, आणि त्याचा नैवेद्य या दोघांहून मोठा आहे.

याचें फळ २०१६ सालीं दिसलें. त्या वर्षीं एप्रिलांत, ऐन गुढीपाडव्याच्या सुमारास, रामकुंड कोरडें पडलें. स्नानास आणि अस्थींस पाणी हवें म्हणून टँकरनें कुंड भरण्यांत आलें. त्याच महिन्यांत मराठवाड्यांत लातूरकरांस प्यावयास पाणी नव्हतें म्हणून मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. एकीकडे माणसाच्या घशासाठीं आगगाडी, दुसरीकडे मेलेल्याच्या अस्थींसाठीं टँकर! कोणाच्या श्रद्धेची टर उडविण्यासाठीं मी हें बोलत नाहीं. आपला बाप गेला म्हणजे त्याच्या अस्थि गंगेंत सोडाव्या असें गरिबालाही वाटतें, आणि तें दुःख खरें आहे. पण जिवंत माणसाची तहान आधीं, हें सांगावयास कोणत्या शास्त्राची गरज नाहीं. २०१५ च्या सिंहस्थांत शाहीस्नानासाठीं धरणांतलें पाणी सोडण्याविरुद्ध उच्च न्यायालयांत दाद मागावी लागली होती, हें विसरूं नका.

आणि गंमत पाहा. त्याच २०१६ सालीं, रामकुंड कोरडें पडल्यास चार महिने होतात न होतात तों, २ ऑगस्टला महापूर आला. दुतोंड्या मारुती पाण्यांत गेला. २०१९ च्या ऑगस्टांत पुन्हा तेंच. पुराचें माप आपण दुतोंड्या मारुतीवर घेतों: पाणी गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. पण त्याच वेळीं वाघाडीच्या आणि गंगेच्या कांठच्या झोंपड्यांत पाणी किती चढलें तें माप कोण घेतो? खालीं सायखेडा, चांदोरी या गांवांत दोन्ही वेळां पाणी शिरलें. घाटावरचा पूर पाहावयास शहरची माणसें छत्र्या घेऊन येतात. तोच पूर खालच्या गांवांत धान्याच्या कणग्या आणि गोठ्यांतलीं जनावरें घेऊन जातो. उन्हाळ्यांत कोरडी आणि पावसाळ्यांत उधाणलेली, अशी नदी होण्याचें कारण वर सांगितलेंच आहे: डोंगर उघडा पडला, पात्र सिमेंटनें आंवळलें, कांठावर भर घातली. नदीस पसरावयास जागा ठेविली नाहीं, तर ती गरिबाच्या घरांत पसरते.

आतां माझ्या विद्यार्थिनीच्या म्हशीकडे येतों. शहरचें सांडपाणी गंगेस कसें मिळतें? थोडें थेट नाल्यांनीं, थोडें नासर्डी, वाघाडी अशा उपनद्यांतून. ह्या नद्या होत्या, त्यांचे आपण नाले केले. मलजल शुद्ध करण्याचे कारखाने तपोवन, आगरटाकळी इत्यादि ठिकाणीं आहेत. पण सारें पाणी तेथपर्यंत पोहोंचत नाहीं, आणि जें पोहोंचतें तें सगळेंच स्वच्छ होऊन निघतें असेंही नाहीं. २०१२ सालीं याबद्दल उच्च न्यायालयांत लोकहिताचा अर्ज दाखल झाला.

यांतलें शास्त्र सोपें आहे, तें प्रत्येक शेतकऱ्यास समजलें पाहिजे. पाण्यांत प्राणवायु विरघळलेला असतो, त्यावर मासे जगतात. मैला पाण्यांत पडला कीं तो कुजविणारे सूक्ष्म जंतु हा प्राणवायु खाऊन टाकतात. मग मासा मरतो, पाणी काळें पडतें, वास सुटतो. मैल्यांतला नत्र आणि साबणांतला स्फुरद हें पाणवेलीचें खत. म्हणून ती माजते, आणि उरलासुरला उजेड व हवा अडविते. स्नानाच्या पाण्यासाठीं सरकारनें माप ठरविलें आहे: एक लिटर पाण्यांत विरघळलेला प्राणवायु पांच मिलिग्रॅमहून कमी नसावा, जंतूंची प्राणवायूची मागणी तीन मिलिग्रॅमहून जास्त नसावी, आणि शंभर मिलिलिटर पाण्यांत मैल्याचे जंतु पांचशेंच्या आंत असावे, फार तर अडीच हजार. हें केवळ स्नानाचें माप झालें, पिण्याचें नव्हे. पापपुण्याच्या मापापेक्षां हें माप आपल्या पोरांस आधीं पाठ झालें पाहिजे.

पाणवेल वाहत वाहत सायखेडा, चांदोरीवरून नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयांत जाते. तो जलाशय म्हणजे महाराष्ट्रांतील पहिलें रामसर पाणथळ. २०२० च्या जानेवारींत त्याची घोषणा झाली. हजारों कोसांवरून पक्षी तेथें येतात. परदेशच्या पक्ष्यांस आपण पाहुणचार म्हणून शहराचा मैला वाढतों. पक्षी निदान उडून जाऊं शकतो. कांठावरचा मासे धरणारा भोई, नदीवर कपडे धुणारी परटीण, पात्रांत टरबुजाची वाडी लावणारा कुळवाडी यांनीं कोठें उडून जावें? त्यांचा धंदा गेला, त्याची नोंद कोणत्या दफ्तरांत आहे? शहरच्या माणसाला नळ आहे, गाळणीचें यंत्र आहे, बाटलींतलें पाणी आहे. कांठच्या विहिरीवर जगणाऱ्यास यांतलें कांहीं नाहीं. म्हणून मी म्हणालों कीं किल्ली दुसऱ्या हातांत गेली. पूर्वीं आमच्या स्पर्शानें पाणी बाटत होतें म्हणे. आतां ज्यांनीं खरोखर पाणी बाटविलें त्यांस कोणी अस्पृश्य म्हणत नाहीं!

पुन्हा सिंहस्थ येत आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजीं ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजीं पहिलें मोठें स्नान, असें जाहीर झालें आहे. त्याच्या तयारींत २०२५ च्या नोव्हेंबरांत तपोवनांतलीं सुमारें सतराशें-अठराशें झाडें साधुग्रामासाठीं काढण्याचा बेत पुढें आला. नाशिकचे लोक तपोवनांत जमले. विद्यार्थी आले, बाया आल्या, झाडांस मिठ्या मारल्या, हरकतींचा पाऊस पाडला. आणि डिसेंबरांत हरित न्यायाधिकरणानें तोडीस तात्पुरती मनाई केली. तप करावयाचें तें वनांत, म्हणून नांव तपोवन. वन तोडून तपस्व्यांची सोय करावयाची, हा हिशेब मला तरी सुटला नाहीं. मी चौथीच्या मुलांस घालून पाहिला, त्यांनाही सुटला नाहीं.

पण झाडांच्या कैवाऱ्यांसही माझी एक विनंती आहे. मेळ्यासाठीं झाडें तुटूं नयेत म्हणून आपण जेवढे तळमळलों, तेवढेच मेळ्याचा मैला उचलणाऱ्यांसाठीं तळमळलों काय? लाखों लोक स्नान करून पुण्य घेऊन जातात; मागें राहिलेला उकिरडा ज्या जातींनीं पिढ्यान् पिढ्या उचलला त्याच अजून उचलतात. हातानें मैला साफ करावयास लावणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. आणि २७ ऑगस्ट २००३ रोजीं याच पंचवटीच्या चिंचोळ्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ यात्रेकरू प्राणास मुकले, तेही बहुतेक साधेसुधे भाविक होते. झाड, झाडूवाला आणि यात्रेकरू या तिघांचा कैवार एकत्र घेतला तरच तो न्याय होईल. नुसत्या झाडाचा कैवार हा कधीं कधीं बंगल्यासमोरच्या सांवलीचा कैवार ठरतो.

आतां थोडें आपल्याच पायाखालीं पाहूं. भटजी, शेटजी, कंत्राटदार यांस शिव्या देऊन टाळ्या घेणें सोपें आहे. आपण बहुजन समाज म्हणवितों. १९३० सालीं सत्याग्रह्यांवर ज्यांनीं खेड्यांतून वाटा आणि पाणवठे बंद केले, ते सारे पंचवटींतले पुजारीच होते काय? खेड्यांत पुजारी कितीसे? तीं आपलींच माणसें होतीं, आपल्याच आजे-पणजांच्या पिढींतलीं. आज द्राक्षाच्या बागेसाठीं विहिरीशेजारीं पांचशें-सातशें फूट विंधण घेणारा कोण आहे? शेजारच्या लहान शेतकऱ्याची विहीर त्यानें आटते, हें ठाऊक असून घेणारा? धरणाचें पाणी मराठवाड्यास, जायकवाडीस सोडावयाचें ठरलें कीं "आमचें पाणी" म्हणून दंड थोपटणारे कोण आहेत? तेंच पाणी वरच्या पाड्यावरची कोकणी बाई "आमचें" म्हणाली तर तिला आपण काय उत्तर देणार? २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतलें पाणी वरच्यानें आणि खालच्यानें समान वांटून घ्यावें असें तत्त्व घातलें आहे. ज्यांनीं सामाजिक समतेसाठीं लढा दिला त्यांस पाण्याची समता जड कां वाटावी? ब्राह्मण्य म्हणजे केवळ एका जातीचें नांव नव्हे. आपल्या वांट्याच्या वर बसून खालच्यास तहानलेलें ठेवणें हेंच ब्राह्मण्य, मग तें कोणीही करो.

हा झगडा एकट्या नाशिकचा नाहीं. जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतल्या गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केलें, हें आपणांस माहीत आहे. त्याच अमेरिकेंत १९८२ सालीं उत्तर कॅरोलायना प्रांतांत, वॉरेन नांवाच्या जिल्ह्यांत, विषारी तेलानें भिजलेली माती पुरावयाची होती. जागा कोणती निवडली? जेथें काळ्या, गरीब लोकांची वस्ती होती ती. ते लोक रस्त्यावर आडवे पडले. पांचशेंहून अधिक जणांस अटक झाली. माती तेथेंच पुरली गेली, पण घाण नेहमीं गरिबाच्याच दारांत कां टाकतां, हा प्रश्न त्या दिवसापासून साऱ्या जगांत विचारला जाऊं लागला. दक्षिणेकडे न्यूझीलंडांत २०१७ सालीं वांगानुई नदीस कायद्यानें माणसासारखें हक्क देण्यांत आले, आणि तिच्या वतीनें बोलावयास कांठच्या माओरी लोकांचा प्रतिनिधि सरकारच्या प्रतिनिधीबरोबर बसविला. आपण तर नदीस देवी म्हणतों. पण देवीच्या वतीनें कांठचा कोळी, परीट, शेतकरी कधीं बोलला आहे काय? तिच्या वतीनें दक्षिणा घेणाराच बोलतो, नाहींतर निविदा काढणारा.

उपाय काय, असें आपण विचाराल. जोतीरावांनीं 'असूड' ग्रंथांतच तो लिहून ठेविला आहे. रिकाम्या बसणाऱ्या फौजेस आणि पोलिसांस लावून डोंगरउतारावर जागोजाग ताली, बंधारे घालावे, म्हणजे पावसाचें पाणी शेतांत मुरून मग ओढ्यास जाईल, असें त्यांनीं १८८३ च्या सुमारास सरकारास सांगितलें. आज मोठमोठे तज्ज्ञ जें सांगतात तें याहून वेगळें नाहीं. म्हणून या सभेपुढें मी पांच मागण्या ठेवितों.

पहिली, सिंहस्थाच्या खर्चाचा पहिला वांटा ब्रह्मगिरीच्या पाड्यांस. पहिल्या स्नानाआधीं वरच्या पाड्यांवर नळाचें पाणी, आणि डोंगरावर ताली व झाडी. दुसरी, कुंडांच्या तळाचें उरलेलें काँक्रीट काढून झरे मोकळे करावे. तिसरी, प्राणवायु, जंतु वगैरे पाण्याचीं मापें दर आठवड्यास साध्या मराठींत फलकावर लिहावीं, आणि हा फलक रामकुंडापुरता न ठेवतां खालीं सायखेडा-चांदोरीपर्यंत प्रत्येक गांवच्या चावडीवर लावावा. चौथी, तपोवनांतल्या झाडांमध्यें राहुट्या बसवाव्या, झाडांच्या जागीं नव्हे. पांचवी, सफाई कामगारांस यंत्रें, हातमोजे, पुरा पगार आणि विमा मिळावा, आणि गंगेसंबंधीं जी समिती नेमाल तींत त्यांचा, आदिवासी बायांचा आणि खालच्या गांवांचा प्रतिनिधि असावा. ज्याच्या अंगावर पाणी येतें किंवा ज्याच्या अंगणांतून पाणी जातें, त्याला विचारल्यावांचून गंगेचा निकाल लावूं नये.

सरकार करील तेव्हां करील. आपण काय करणार तेंही ठरवूं. माझ्या शाळेंत मुलें दर अमावास्येस गांवांतल्या दहा विहिरींचें पाणी दोरीनें मोजतात आणि वहींत लिहितात. तीन वर्षांची वही झाली आहे. कोणत्या महिन्यांत कोणाची विहीर आधीं आटते हें आतां आम्हांस पोथी न पाहतां सांगतां येतें. मागल्या वर्षीं ग्रामसभेंत ती वही वाचली, तेव्हां पाटलाच्या विंधणानें शेजारच्या दोन विहिरी कशा बसल्या हें आंकड्यांतच दिसलें. पाटील रागावले, पण विंधण रात्रीचें बंद ठेवावयास कबूल झाले. आंकड्यापुढें रागाचें फार चालत नाहीं. हें प्रत्येक शाळेस करतां येईल, याला एक दोरी आणि एक वही लागते.

ज्या मुलीस मी खालीं बसविलें ती आतां हायस्कुलांत आहे. मागें एकदां वाटेंत भेटली. मी तिला म्हणालों, "बाई, त्या दिवशीं तूं बरोबर होतीस, मी चुकलों." ती लाजली, आणि मग म्हणाली, "गुरुजी, म्हस अजून पीत नाही." बंधूंनो, सिंहस्थ होईल, ध्वज उभारला जाईल, लाखों लोक येतील आणि जातील. गंगा शुद्ध झाली कीं नाहीं याची परीक्षा मी त्या म्हशीवर सोंपवितों. ज्या दिवशीं ती माझ्या गांवच्या कांठावर मान खालीं घालून पाणी पिईल, आणि ज्या दिवशीं ब्रह्मगिरीवरची बाई विहिरींत न उतरतां हंडा भरील, त्या दिवशीं गंगा सर्वांची झाली असें मी वर्गांत सांगेन. तोंपर्यंत नदीचा धडा मी खराच शिकविणार.